सँडोची मोजपट्टी आणि औंधचे नमस्कार

१/
महाराष्ट्रातल्या कुठल्याही कापडदुकानात ‘सँडो बनियन’ मागितले की दुकानदार बिनबाह्यांचे बनियन पुढे ठेवतो. हा सँडो कोण, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. तो होता युजेन सँडो. सव्वाशे वर्षांपूर्वी जगातील सर्वांत सुंदर पुरुषी शरीर त्याचे मानले जाई. सातारा परिसरातील औंध संस्थानच्या राजपुत्राने १८९७ च्या सुमारास याच सँडोची पुस्तके आणि साधने मागवली, सुमारे दहा वर्षे त्याच्या पद्धतीने व्यायाम केला आणि मग ती पद्धत सोडून दिली. व्यायाम दिसण्यासाठी करावा की क्षमतेसाठी, या आजच्या प्रश्नाचा एक महत्त्वाचा अध्याय या निर्णयात दडलेला आहे. त्याचाच हा थ्रेड.

२/
प्रश्न मुळात जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या १२व्या शतकातील संस्कृत ग्रंथात मल्लविद्येवर स्वतंत्र प्रकरण आहे. मल्लांची प्रतवारी, त्यांचा आहार आणि त्यांचा सराव असे सगळे त्यात येते. सरावाचे प्रकारही नावानिशी दिले आहेत. भारश्रम म्हणजे वजन उचलणे, भ्रमणश्रम म्हणजे चालणे, सलिलश्रम म्हणजे पोहणे, स्तंभश्रम म्हणजे खांबावरील कसरत. प्रत्येक प्रकारामागे काम ठरलेले आहे. मल्लाला राजासमोर कुस्ती खेळायची आहे, म्हणून त्याला ताकद हवी, दम हवा आणि चपळाईही हवी. इथे व्यायामाची निवड आखाड्याची गरज पाहून होते.

३/
त्याहून आधीचा दाखला वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त सापडतो. व्यायामापासून काय मिळते, याची यादी तिथे थोडक्यात येते. शरीराला हलकेपणा, काम करण्याची शक्ती, प्रदीप्त जठराग्नी, मेदाचा क्षय आणि शेवटी रेखीव, घट्ट अवयव. या यादीचा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. रूप नाकारलेले नाही, त्याला व्यायामाच्या फळांत मानाने जागा दिली आहे, फक्त ती शेवटची आहे. शिवाय बलवान माणसानेही व्यायाम आपल्या निम्म्या शक्तीइतकाच करावा, असा दंडक घातला आहे. अतिव्यायामाने तहान, क्षय, श्वास यांसारखे विकार जडतात, असा इशाराही सोबत आहे.

४/
मराठी मुलखातील तालीम याच विचाराची वारसदार. जोर, बैठका, मुद्गल, लाल मातीतली लढत आणि मल्लखांब हा तिचा संसार. पेशवाईच्या अखेरच्या काळातील बाळंभटदादा देवधर यांच्या नावाशी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन जोडले जाते. खांबावर चढणे, उलटे लटकणे आणि पकड घट्ट ठेवणे हे सारे कुस्तीत उपयोगी पडणारे. तालमीतल्या पैलवानाचे पोट सपाट असेलच असे नाही. त्याच्या मानेची जाडी आणि मांड्यांची ताकद वस्ताद पाहत असे, कारण डाव टाकताना आणि सोडवताना कामी येतात त्या मान आणि मांड्या. तालमीच्या भिंतीवर आरसा नसला तरी कुणाचे अडत नव्हते. तिथला निकाल मातीत लागत असे.

५/
आता सँडोकडे. १८६७ मध्ये प्रशियातील कोनिग्सबर्ग येथे जन्मलेल्या या मुलाचे मूळ नाव फ्रीडरिश विल्हेल्म म्युलर. १८८९ मध्ये लंडनच्या रंगमंचावर त्याने सॅम्पसन नावाच्या प्रसिद्ध ताकदवानाला जाहीर स्पर्धेत हरवले आणि एका रात्रीत नाव कमावले. त्या काळी युरोपात असे अनेक ताकदवान होते. साखळ्या तोडाव्यात, घोडा उचलावा, छातीवर ओझे घ्यावे आणि टाळ्या मिळवाव्यात, असा तो व्यवसाय होता. सँडोही हेच करी. मात्र त्याच्याकडे आणखी एक गोष्ट होती. त्याचे शरीर ग्रीक आणि रोमन शिल्पांतल्या वीरांसारखे दिसत असे आणि त्याला याची पुरेपूर जाणीव होती.

६/
१८९३ मध्ये शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले. तेथे फ्लोरेन्झ झिगफेल्ड या तरुण आयोजकाने सँडोचे कार्यक्रम लावले. प्रेक्षकांना त्याने उचललेल्या वजनापेक्षा त्याचे स्नायू पाहण्यात अधिक रस आहे, हे झिगफेल्डने ओळखले. मग वजने मागे सरली आणि सँडो पुढे आला. प्रकाशझोतात उभे राहायचे, एकेक स्नायू ताणून दाखवायचा, पुतळ्यांच्या मुद्रा घ्यायच्या, हाच कार्यक्रम झाला. छायाचित्रांनी ते शरीर घरोघर पोहोचवले. १८९४ मध्ये एडिसनच्या कंपनीने त्याच्या स्नायूप्रदर्शनाचे चित्रीकरणही केले. ताकद सिद्ध करण्यासाठी आता काही उचलून दाखवण्याची गरज उरली नव्हती. नुसते दिसणे पुरेसे झाले होते.

७/
सँडोची खरी कर्तबगारी यापुढे दिसते. १८९७ मध्ये त्याने लंडनमध्ये व्यायामसंस्था काढली, पुढच्या वर्षी मासिक सुरू केले, हलकी डंबेल्स आणि स्प्रिंगची साधने विकली, टपालाने व्यायाम शिकवला. या साऱ्याच्या केंद्रस्थानी होती एक साधी मोजपट्टी. शिष्याने दंड, मान, छाती, कंबर, मांडी आणि पोटरी यांची मापे आधी घ्यायची, काही महिन्यांनी पुन्हा घ्यायची आणि फरक कळवायचा. त्याच्या पुस्तकांत अशा शिष्यांची छायाचित्रे आणि मापे छापली जात. घरातील एकट्या माणसाला आपली प्रगती आकड्यांत पाहता येऊ लागली. आज व्यायामाआधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो शेजारी ठेवणाऱ्या प्रत्येकाचा हा मूळपुरुष.

८/
मात्र सँडोला निव्वळ दिखाऊ ठरवणे अन्यायाचे होईल. १४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठवाची पहिली मोठी स्पर्धा भरवली. सँडोसोबत शिल्पकार चार्ल्स लॉज आणि शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल हे परीक्षक होते. सर्वांत मोठे स्नायू म्हणजे विजय, असा निकष नव्हता. एकंदर विकास, अवयवांतील समतोल, स्नायूंचा कसदारपणा, सर्वसाधारण आरोग्य आणि त्वचेची स्थिती अशा पाच बाबी पाहिल्या गेल्या. नॉटिंगहॅमच्या विल्यम मरे याला सँडोची सोनेरी मूर्ती मिळाली. आरोग्य निकषांत होते, पण ते मंचावर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहून ठरवायचे होते. पेच नेमका इथे होता.

९/
१९०४-०५ मध्ये सँडो हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला. कोलकाता, मुंबई अशा शहरांत त्याचे खेळ झाले. या उत्साहामागे राजकारणही होते. मेकॉलेने बंगाली माणसाच्या दुबळेपणावर केलेली शेरेबाजी सुशिक्षितांच्या जिव्हारी लागलेली होती. १८५७ नंतर इंग्रजांनी काही जातीजमातींना ‘लढवय्या’ ठरवून बाकीच्यांवर नेभळटपणाचा शिक्का मारला. अशा काळात शरीर कमावणे ही स्वाभिमानाची बाब झाली. बंगालचे आखाडे आणि महाराष्ट्रातील तालमी यांना त्यातूनच नवे बळ मिळाले. रुंद छातीचे छायाचित्र हे एका अपमानाला दिलेले उत्तर होते. त्याला निव्वळ हौस म्हणून बाजूला सारता येत नाही.

१०/
इंग्रजांनाही हीच काळजी लागली होती. बोअर युद्धाच्या वेळी सैन्यात भरती व्हायला आलेले अनेक तरुण शारीरिक तपासणीत अपात्र ठरले आणि राष्ट्र खंगत चालल्याची ओरड झाली. देवघेवही दोन्ही बाजूंनी चालू होती. हिंदुस्थानातील मुद्गल १९व्या शतकातच ब्रिटिश सैन्याच्या कवायतीत शिरले आणि ‘इंडियन क्लब’ या नावाने युरोप-अमेरिकेच्या व्यायामशाळांत पोहोचले. इकडून मुद्गल गेले, तिकडून डंबेल्स आली. ‘देशी’ आणि ‘विलायती’ अशी काटेकोर वाटणी करणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

११/
दिसणे आणि कामी येणे यांतला फरक १९१० मध्ये लंडनलाच पाहायला मिळाला. गामा हा हिंदुस्थानी पैलवान तिथे पोहोचला. उंची बेताचीच. नामांकित मल्लांना त्याने जाहीर आव्हान दिले. अमेरिकेच्या बेंजामिन रोलरला त्याने हरवले. पोलंडच्या स्टॅनिस्लाउस झिबिस्को या धिप्पाड मल्लाशी त्याची कुस्ती अडीच तासांहून अधिक चालली. झिबिस्कोने बचावासाठी बराच वेळ गादीला चिकटून काढला आणि कुस्ती अनिर्णित राहिली. फेरलढतीला तो आलाच नाही. पुढे १९२८ मध्ये पतियाळात दोघे पुन्हा भिडले, तेव्हा गामाने मिनिटभराच्या आत कुस्ती मारली. गामाचे शरीर जोर-बैठकांच्या प्रचंड मेहनतीतून घडले होते. त्याचा कस फोटोत लागणारा नव्हता.

१२/
आता औंध. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ चा. ते पदवीधर होते, चित्रकार होते, कीर्तन करीत आणि कलासंग्रहाचे त्यांना वेड होते. औंधचे संग्रहालय ही त्यांचीच देणगी. सँडोची पद्धत त्यांनी ऐन तारुण्यात स्वीकारली आणि निष्ठेने पाळली. शिल्प आणि चित्र यांची जाण असलेल्या माणसाला ग्रीक पुतळ्यांसारख्या शरीराची ओढ वाटली, यात नवल नाही. पैसा होता, साधने होती, शिस्त होती. म्हणजे त्यांचा हा प्रयोग अर्धवट नव्हता. एखाद्या पद्धतीला दहा वर्षे दिल्यानंतर ती सोडणे किती अवघड असते, हे कुठलाही व्यायामपटू सांगू शकेल.

१३/
१९०८ च्या सुमारास मिरजेचे संस्थानिक बाळासाहेब पटवर्धन यांच्या सल्ल्यावरून पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांकडे वळले. नमस्कार त्यांना अपरिचित नव्हते. महाराष्ट्रात ते घरोघर घातले जात, आणि समर्थ रामदासांच्या नित्य नमस्कारांची परंपरा सर्वांच्या तोंडी होती. १९०९ मध्ये ते गादीवर आले आणि पुढची चार दशके त्यांनी नमस्कारांचा प्रचार केला. त्यांच्या लेखनाचा रोख स्पष्ट आहे. दंड आणि छाती कमावली म्हणजे माणूस निरोगी झाला असे होत नाही. फुप्फुसे, पचनसंस्था आणि पाठीचा कणा यांनाही व्यायाम हवा, आणि तो प्रत्येकाला परवडला पाहिजे. या विषयावरच्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या शीर्षकात तीन फळे सांगितली होती: आरोग्य, कार्यक्षमता आणि दीर्घायुष्य. सौंदर्य त्यांत नव्हते.

१४/
नमस्कारात नेमके काय घडते? औंधच्या पद्धतीत दहा स्थिती होत्या. शरीर पुढे वाकते, मागे वळते, हातांवर भार घेते, साष्टांग जमिनीला टेकते आणि पुन्हा उभे राहते. श्वास हालचालीशी बांधलेला असतो आणि सोबत बीजमंत्रांचा उच्चार होतो. लागते फक्त माणसाच्या उंचीइतकी जागा. महत्त्वाचा फरक मापाच्या प्रकारात आहे. सँडोचा शिष्य इंच मोजतो, नमस्कार घालणारा आवर्तने मोजतो. काल पंचवीस झाले, आज तीस झाले, उद्या खंड पडता कामा नये. ही मोजणी कृतीची आहे. आरशाशी तिचा संबंध येत नाही. आपण काय केले, एवढेच ती विचारते.

१५/
न्याय म्हणून नमस्कारांची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यांत ढकलणे भरपूर आहे, पण ओढणे जवळजवळ नाही. हात शरीराचा भार पेलतात, मात्र दंडाचा पुढचा भाग आणि पाठीचे ओढणारे स्नायू यांना फारसे काम मिळत नाही. स्नायूंची ताकद आणि आकार वाढवायचा तर भार क्रमाक्रमाने वाढवावा लागतो. नमस्कारात भार तोच राहतो, आवर्तने वाढतात. त्यामुळे दम आणि लवचीकता वाढते, पिळदारपणा मर्यादित राहतो. तालमीने ही उणीव मल्लखांब आणि दोर यांनी भरून काढली होती. म्हणजे डंबेल्स हे खोटे साधन नव्हते. राजाला जे हवे होते त्यासाठी ते अपुरे होते, इतकेच.

१६/
औंध संस्थानातील शाळांत नमस्कार सक्तीचे झाले. मुलगे आणि मुली दोघांसाठी. स्त्रियांनी नियमित व्यायाम करावा, हे उघडपणे सांगणारा राज्यकर्ता त्या काळात विरळा. १९३८ मध्ये लंडनहून या पद्धतीवरचे पुस्तक पत्रकार लुईझ मॉर्गन यांच्या संपादनाखाली निघाले. दहा स्थितींवरूनच त्याचे नाव ठेवले होते. गंमत अशी की प्रचाराला पुन्हा छायाचित्रांचाच आधार लागला. वय झाले तरी सडपातळ आणि ताठ राहिलेले शरीर हाच नमस्कारांचा पुरावा म्हणून पुढे ठेवला गेला. रूपाला दारातून बाहेर काढले तरी ते खिडकीतून आत येते. राजेसाहेबांनाही त्यातून पूर्ण सुटका नव्हती.

१७/
याच काळात महाराष्ट्रात इतर प्रयोगही चालू होते. १९१४ मध्ये अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना झाली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तेथे भारतीय व्यायामांची प्रात्यक्षिके केली. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापून आसने आणि प्राणायाम यांचा शरीरावरील परिणाम क्ष-किरण आणि रक्तदाबाच्या नोंदींनी तपासायला घेतला. बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी अनेक खंडांचा व्यायामज्ञानकोश संपादित केला. कुवलयानंदांचा प्रयत्न या चर्चेत विशेष मोलाचा आहे. मोजपट्टीला न दिसणारे बदल मोजायचा तो प्रयत्न होता.

१८/
बंगळूरच्या के. व्ही. अय्यर यांनी तिसरीच वाट धरली. डंबेल्स, बारबेल, आसने आणि सूर्यनमस्कार यांची त्यांनी सांगड घातली आणि सँडोप्रमाणे टपालानेही व्यायाम शिकवला. १९३० मध्ये स्नायूविकासावर त्यांचे पुस्तक निघाले. ग्रीक पुतळ्यांच्या मुद्रांतील त्यांची छायाचित्रे आजही पाहणाऱ्याला थबकवतात. पिळदार शरीराचा आग्रह त्यांनी लपवला नाही आणि आरोग्यासाठी नमस्कारांचीही कास सोडली नाही. दोन्ही उद्दिष्टे एकाच माणसाला एकाच वेळी असू शकतात, ही बाब त्यांच्याइतक्या मोकळेपणाने फार थोड्यांनी मान्य केली असेल. साधनांची सांगड मात्र त्यांनी उद्दिष्टे ओळखूनच घातली होती.

१९/
या कथेतील सर्वांत बोलके वर्ष १९५२. हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी फ्रीस्टाइल कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच वर्षी बंगालचे मनोहर आईच यांनी शरीरसौष्ठवातील मिस्टर युनिव्हर्स किताब आपल्या गटात जिंकला. उंची पाच फुटांच्याही आत, म्हणून त्यांना ‘पॉकेट हर्क्युलिस’ म्हणत. एकाचा निकाल प्रतिस्पर्ध्याशी झुंजून लागला, दुसऱ्याचा परीक्षकांसमोर उभे राहून. पण दिसण्यासाठी कमावलेले शरीर पोकळ असते, असा निष्कर्ष काढण्याची घाई नको. आईच १०४ वर्षे जगले आणि २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले.

२०/
मग या इतिहासाने शिकवले काय? व्यायाम निवडताना माणूस खरे तर मोजमाप निवडत असतो, आणि जे मोजले जाते तेच हळूहळू वाढत जाते. इंच मोजणारा इंच वाढवतो आणि दम लागतो की नाही हे विसरतो. कुस्ती मोजणारा कुस्ती जिंकतो आणि पोटाची फिकीर करत नाही. आवर्तने मोजणाऱ्याचे सातत्य टिकते, पण दंड तेवढेच राहतात. तिन्ही वाटांनी माणसे मोठी झाली आहेत. अडचणीत तो येतो, ज्याला एक हवे असते आणि जो दुसरेच मोजत बसतो. सँडोच्या पद्धतीत दहा वर्षे घालवल्यानंतर भवानरावांनी मोजपट्टी ठेवून दिली, कारण आपल्याला काय हवे आहे ते त्यांना तोवर उमगले होते.

२१/
आज मिस्टर ऑलिंपिया स्पर्धेच्या विजेत्याला सँडोच्या मूर्तीच्या घडणीचे पारितोषिक मिळते आणि महाराष्ट्रातील अनेक शाळांत रथसप्तमीला सामूहिक सूर्यनमस्कार घातले जातात. दोन्ही परंपरा जिवंत आहेत, आणि नव्या वर्षात व्यायाम सुरू करणारा प्रत्येक तरुण कळत-नकळत त्यांपैकी एकीच्या दाराशी उभा असतो. कोणते साधन घ्यावे, कोणत्या व्यायामशाळेत जावे, हे प्रश्न नंतरचे. सहा महिन्यांनी स्वतःला कशाने मोजायचे, इंचांनी, किलोंनी, जिन्याच्या पायऱ्यांनी की न चुकलेल्या सकाळींनी, हे आधी ठरवावे. वाग्भटाने तर फळांचा क्रमही लावून ठेवला आहे. हलकेपणा आणि कामाची शक्ती पुढे, रेखीव अवयव मागून.